बॅटरी बुधवारी येईल, परत पाठवू नका

ती. बाबा आणि आई,

शि. सा. नमस्कार.

परवा रात्री 11 ला गेलेली लाईट पहाटे 4 ला आली, हे मला खालच्या काकूंकडून कळलं. तुम्ही दोघं म्हणालात, झोप छान लागली. आई, तू "चालतंय की" म्हणालीस ना, तेव्हाच समजले की काहीही चाललेलं नाही.

म्हणून आधीच सांगून टाकते. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची मी ठरवलं आहे, पैसेही भरलेत. बुधवारी सकाळी माणूस येईल. सोबत दोन पंखे येतील, एक तुमच्या खोलीत लावायचा, एक हॉलमध्ये. दुसरं म्हणजे, मी मे महिन्यात येऊ शकत नाही. उन्हाळ्यात आमच्या कामात रजा मिळत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मी नाही म्हणून बॅटरी पाठवते आहे, असं वाटून घेऊ नका. मी तिथे असते तरी हीच आणली असती.

बाबा, तुम्ही म्हणाल, चार वर्षांची बॅटरी, अजून चालते, मोडीत कशाला? चालत नाही, बाबा. इन्व्हर्टर 40 मिनिटांत टूं टूं करून बंद पडला, बॅटरीत पाणी दर पंधरा दिवसांनी कमी होतं आणि बाजूला हात लावला तर गरम लागते. ही तिन्ही म्हातारपणाची लक्षणं आहेत. आता हिशोब बघा, तुम्हाला हिशोबच पटतो. 12 व्होल्ट गुणिले 150 अँपिअर-तास म्हणजे 1800 वॉट-तास. सगळी उपसायची नसते, थोडी इन्व्हर्टरच खातो. हाती 1200 च्या आसपास उरतात. आपले जुने पंखे एकेक 75 वॉटचे. दोन पंखे आणि दोन एलईडी मिळून 168 वॉट, म्हणजे नवी बॅटरीसुद्धा सातच तास पुरेल. नवे पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे आहेत, 30 वॉटचे. तेच दोन पंखे, तेच दोन दिवे, 78 वॉट. पंधरा तास! खरी कमाई पंख्यांची आहे, बॅटरीची नाही, म्हणून पंखे परत पाठवायचे नाहीत. हे पंखे भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात, तो काढून साधं बटण बसवायला सांगा. वेग रिमोटने बदलतो. रिमोट उशाशी दोरीने बांधा, नाहीतर आईच्या चष्म्यासारखं होईल.

बुधवारी एवढं बघा. बॅटरी 60 किलोच्या आसपास भरते. बाबांनी हात लावायचा नाही, एक टोकसुद्धा धरायचं नाही. वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का घेतल्याशिवाय माणसाला चहा देऊ नका. जुनी बॅटरी त्यालाच न्यायला सांगा, तिचे पैसे बिलातून वजा केलेत. भंगारवाल्याला देऊ नका, आत शिसं आणि ॲसिड असतं. जागा जिन्याखालचीच ठेवा, पण तिथल्या गोण्या हलवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला हवेशीर जागा लागते. आणि आई, संध्याकाळी जिन्यापाशी उदबत्ती खोचतेस ती आता तुळशीपाशी लाव. बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. फिल्टरचंही नाही, हौदाचं तर अजिबात नाही. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, तरंगकाडी हिरव्या खुणेपर्यंत आली की थांबायचं. जास्त झालं तर ॲसिड उतू जाऊन टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर धरतो.

रिकामी झालेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. दिवसा चार तास लाईट गेली आणि तुम्ही त्यावर टीव्ही लावला, तर रात्रीच्या पंख्याला काही उरत नाही. दिवसाची झळ पडदे, पाणी आणि सावलीवर काढायची, बॅटरी रात्रीसाठी राखायची. फ्रिज, मिक्सर, इस्त्री यांतलं काहीही इन्व्हर्टरच्या लाईनवर नको.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, सोलापूरजवळ फताटेवाडीला 1320 मेगावॉटचं वीजकेंद्र असताना आपल्याच गल्लीत अंधार का. ती वीज आपल्या गल्लीत उतरतच नाही. ती मोठ्या दाबाने देशाच्या ग्रिडमध्ये जाते. रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन 31 डिसेंबर 2013 ला सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाशी जोडलं गेलं, त्या बातमीचं कात्रण तुम्ही जपून ठेवलंय, त्यातलंच हे. आपल्याकडे वीज येते ती उपकेंद्रातून 11 केव्हीच्या फीडरवर, म्हणजे आपल्या भागाच्या लाईनवर, तिथून डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, डीपीतून घरात. बिघाड बहुतेक या शेवटच्या तुकड्यात असतो. रात्री 11 ला सगळ्यांचे कूलर-एसी एकदम चालू असतात, डीपीचं तेल दिवसभराचं तापलेलं, फ्यूज टिकत नाही. वळवाच्या पावसात वेगळंच होतं. खांबावर तारा धरणारे चिनी मातीचे चिमणे, म्हणजे इन्सुलेटर, 43-44 अंशांत तापून निघालेले असतात, त्यावर गार थेंब पडला की तडकतात. डोळ्यांना दिसणार नाही एवढा तडा, पण त्यातून वीज जमिनीत उतरते आणि फीडर बंद पडतो. मग वायरमनला एकेक खांब बघत चालावं लागतं, अंधारात, पावसात. म्हणून अशा वेळी दोन-चार तास धरूनच चाला.

लाईट गेली की आधी खिडकीतून बघा. समोरच्या घरांत आहे आणि आपल्या रांगेत नाही, तर एखादा फेज, म्हणजे तीन तारांपैकी एक, गेलाय. फेजचं मी तुम्हाला काय सांगू? यंत्रमागाच्या मोटारी तुम्ही अशा वेळी किती वाचवल्यात! पण न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला तर काय होतं ते आईनेही लक्षात ठेवायचं. दिवे अचानक भगभगीत होतात, पंखा वेडा पळतो, शेजाऱ्यांकडे मात्र मिणमिणतं. त्या क्षणी मेन स्विच खाली. विचारत बसायचं नाही, बाबांना हाकही मारायची नाही, आधी मेन बंद. मिनिटाभरात टीव्ही आणि फ्रिज जळतात. तक्रार 1912 वर करा. बिलावरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक विचारतात, तो मोठ्या अक्षरांत लिहून मीटरच्या पेटीवर चिकटवा.

लाईट परत आली की घाई नको. जाताना फ्रिज आणि टीव्हीची बटणं बंद करून ठेवा. आल्यावर पाच-दहा मिनिटं एक दिवा लावून बघा, स्थिर राहिला की मग फ्रिज. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायच्या आत तो पुन्हा चालू झाला तर उचलत नाही, गरम होतो.

आता इन्सुलिन. बाबा, यावर माझी झोप उडालेली आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो, दार उघडलं नाही तर. म्हणून पहिले चार तास, बर्फाच्या बाटल्या खाली ठेवण्यापलीकडे, काही करायचं नाही. दूध बघायला, बर्फ बघायला, काहीच बघायला दार उघडायचं नाही. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या पाऊण भरून कायम गोठवून ठेवा, लाईट गेली की एकदाच दार उघडून त्या खालच्या कप्प्यात ठेवा, पण इन्सुलिनला चिकटून नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. चालू बाटली 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते, नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो. आपली खोली मे महिन्यात 30 ला कुठली राहते! चार तासांच्या पुढे लाईट गेली तर मडकं. कुंभारवाड्यातून एक पसरट मोठं आणि त्यात बसेल असं एक लहान मडकं आणा, दोन्ही बिनरंगाची. मधल्या फटीत वाळू भरा, सकाळ-संध्याकाळ ती ओली करा. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, डबी आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. मडकं कपाटात कोंडायचं नाही, वारा लागेल अशा सावलीत ठेवायचं, कारण पाणी उडून जातं तेव्हाच गारवा येतो. आपल्या सोलापूरची कोरडी हवा इथे कामाला येते, मुंबईत हे जमत नाही. तुमचं इन्सुलिन मुळात दुधट आहे. तळहातांत हलकेच फिरवूनही सारखं झालं नाही, गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर दिसला तर ती बाटली टाकून द्या, पैशांकडे बघू नका.

हीच कोरडी हवा खिडकीलाही वापरता येते. पण आई, त्यासाठी आपली जाड सोलापुरी चादर भिजवू नकोस. ओली झाली की तुझ्या मनगटाला पेलत नाही, गेल्या वर्षी काय झालं ते आठव. टॉवेल घे, दोन. पश्चिमेच्या खिडकीवर टांग, खिडकी थोडी उघडी, तास-दीड तासाने पुन्हा ओले कर. सकाळी 9 नंतर बाकीच्या खिडक्या बंद, सूर्य मावळला की सगळ्या उघड्या. वळवाआधी हवा दमट होते तेव्हा टॉवेल आणि मडकं दोन्ही नेहमीइतकं गार करत नाहीत, त्या दिवशी अंग पुसण्यावर भर द्या. हवा 40 च्या वर असली की नुसता पंखा गरम झोतच मारतो. ओल्या पंचाने मान, हात, पाय पुसून मग पंख्याखाली बसलं तरच उपयोग. गच्चीवर झोपायला जाऊ नका. जुन्या घराचं माळवद रात्री लवकर निवायचं, हा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत भाजत राहतो, शिवाय अंधारात जिना. मेणबत्ती नको, चार्जिंगचे दोन दिवे घेतलेत. एक मोरीच्या वाटेवर, एक बाबांच्या उशाशी.

आई, तुझी ती लघवीची गोळी या उन्हात आहे तशीच चालू ठेवायची का, हे उद्याच डॉक्टरांना फोन करून विचार. आपल्या मनाने बंद करायची नाही. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, दर तासाला अर्धा पेला पाणी, दुपारी ताक, त्यात मीठ चिमूटभरच, बीपी आहे. बाबा, साखर घातलेलं सरबत तुम्हाला नाही. शुगर खाली घसरली तरच. दोघांपैकी कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं पण घाम नाही, चक्कर किंवा उलटी झाली, तर ती झोप नव्हे आणि थकवाही नव्हे. मान, काखा, जांघ ओल्या फडक्याने गार करत राहायचं, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, आणि 108. मला नंतर कळवा, आधी 108.

पाण्याचं तुम्हाला सांगायला नको, एवढंच की लाईट गेली तर उजनी धरणावरचा पंपही थांबतो आणि पाणी सुटायचा दिवस पुढे जातो. तेव्हा पाणी सुटलं की हौद भरून घ्या आणि लाईट असेल तेव्हा लगेच मोटार लावून वरची टाकी भरा. प्यायचं दोन घागरी भरून झाकून ठेवा, फिल्टर विजेशिवाय चालत नाही.

जेवणाची मला काळजी नाही. ज्या गावात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे तिथे फ्रिजवाचून कुणाचं अडलंय? आई, दोन्ही डबे भरून ठेव, या उन्हाच्या दिवसात गॅसपाशी उभी राहू नकोस. दूध दोनदा तापव, उरलेल्याचं रात्रीच विरजण लाव.

मोबाईल टॉवरचीही बॅटरी संपते, तेव्हा फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. सकाळी 7 आणि रात्री 9 ला साधा मेसेज, "ठीक" एवढाच. तोही आला नाही तर मी काकूंना फोन करेन, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. यावर रागवू नका, बाबा. तुम्हाला कुणाची लुडबुड आवडत नाही हे मला माहीत आहे. पण मी लांब आहे, आणि रात्री लाईट गेली की आई अजूनही आधी दुसऱ्याला वारा घालते, स्वतःला नाही, हेही मला माहीत आहे. लहानपणी जाग आली की तिचा हात हलतच असायचा. बाबा, आता विंझणा तुम्ही धरा, आळीपाळीने.

जूनमध्ये पाऊस लागला की येते. आंबे संपले असतील, चालेल.

तुमची,
मनू

ता. क. आजीचा वाळ्याचा विंझणा माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत, डाव्या बाजूला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आहे. वापरायच्या आधी पाणी शिंपडा. आणि माळ्यावर बाबांनी चढायचं नाही, बुधवारी बॅटरीवाला येईल त्यालाच काढायला सांगा.