चाचा, चंद्र कापला गेला!

आदरणीय चाचा,

सलाम.

हे पत्र खरं तर कागदावर लिहून तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण माझं अक्षर तुम्हाला लागत नाही, हे तुम्हीच मला तोंडावर सांगितलंय, आणि चष्मा तुम्ही कायम घरी विसरून येता. म्हणून इथं चारचौघांत लिहिते. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवील. त्यानं मधलं काही गाळलं तर मला कळवा.

सिटी चौकामागच्या बोळातल्या तुमच्या छापखान्यात मी पहिल्यांदा आले तेव्हा डिसेंबर संपत आला होता. त्याआधी दोन ठिकाणांहून परत फिरले होते. एकानं ‘पाचशे प्रतींच्या खाली काम घेत नाही’ म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं तेच सांगितलं पण वर न बघता. तुमच्याकडं तर मी काम द्यायलाही आले नव्हते. एवढंच विचारायचं होतं की जाड कागद गोल कापायला मशीन केवढं मोठं घ्यावं लागतं. तुम्ही लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधत होता, सुतळीचं टोक दातात. तशाच तोंडानं विचारलंत, “क्या काटना है?” मी म्हटलं, “चंद्र.”

तुम्ही सुतळी सोडलीत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमच्या अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन माघी पौर्णिमेला ठरलं होतं. माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या की घरचे हा सोहळा करतात. बहुतेक जण ८१ वं वर्ष लागलं की करून मोकळे होतात. आमच्या अण्णांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. त्यांनी वहीत मांडलं: पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत २९.५३ दिवस, हजारांचे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं १० महिने. पावसाळ्यात ढगांमुळं न दिसलेल्या पौर्णिमा यातून वजा करायच्या की नाही, यावर त्यांचं आणि गुरुजींचं फोनवर अर्धा तास चाललं होतं.

पत्रिका मी हातानं करीन, असं मी त्या भरात बोलून बसले. १२० पत्रिका. ग्रीटिंग कार्ड करायचा नाद मला चार-पाच वर्षांपासून आहे. रबरी आणि पारदर्शक शिक्के, कागद हव्या त्या आकारात कापायच्या पातळ पोलादी डाय, एम्बॉसिंगची पावडर, असं सामान हळूहळू कपाटात साठत गेलंय. कुणाच्या वाढदिवसाला एक, राखीला दोन. पण घरच्यापुरती पुरणपोळी लाटणं वेगळं आणि पंगतीला पुरवणं वेगळं, हे मला दहाव्या कार्डापर्यंतही कळलं नव्हतं.

मनातलं कार्ड असं होतं: गडद निळा, जाड, ३०० जीएसएमचा कार्डशीट, ए-४ चे दोन तुकडे करून दुमडला की हातात मावणारं ए-६ चं कार्ड. वर पांढरा चंद्र. खाली पैठणीच्या काठावरची असावली, म्हणजे फुलापानांची वेल, शिक्क्यानं छापून सोनेरी पावडरनं उठवलेली. कोपऱ्यात बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीची आठवण होईल अशी कागदी जाळी.

चंद्राचा कागद मात्र कागजीपुऱ्याचाच पाहिजे, हा माझा हट्ट. दौलताबादहून खुलताबादकडं जाताना ते गाव लागतं. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे आले आणि इथंच राहिले, असं सांगतात. अण्णांची पहिली नोकरी खुलताबादची. भिंतींना चिकटवून वाळत घातलेले कागद सायकलवरून जाताना बघितल्याचं ते आजही सांगतात, आणि दर वेळी त्या भिंतींची संख्या वाढते.

चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद दिसायला देखणा, पण माझ्या मशीनला पचेना. गिरणीचा कार्डशीट धारेखाली चटकन तुटतो. या कागदाचे तंतू लांब. तुटायच्या ऐवजी ते ताणले जातात, आणि चंद्र सुटतो तो मिशा घेऊनच. माझं मशीन हातानं हँडल फिरवायचं. दोन रोलरमधून पाट्यांची चळत जाते: खाली प्लॅस्टिकची पाटी, तिच्यावर कागद, कागदाकडं धार करून डाय, वर दुसरी पाटी. कापलं नाही की मी वरून एक पुठ्ठा वाढवायची. तरी नाही? आणखी एक. अकराव्या चंद्राला पाटी ‘टण्’ करून तडकली. त्या रात्री अकरा वाजता मी ऑनलाइन दुप्पट मोठं मशीन बघत बसले होते, हे आज कबूल करते.

तुम्ही काय केलंत, तर माझ्या पिशवीतले ते अकरा चंद्र एकेक करून दारातल्या उजेडाला धरलेत. मग सगळे एकावर एक रचलेत आणि हळूहळू फिरवत मिशा मिशांवर आणल्यात. सगळ्यांच्या मिशा एकाच जागी होत्या! घड्याळात चार ते सहा वाजतात तेवढ्या भागात. बाकीची कड स्वच्छ, उलट जास्तच दबलेली. मी चार दिवस त्याच चंद्रांकडं बघत होते. मला अकरा वेगवेगळे बिघाड दिसत होते.

“जोर नक्को बढाओ, बेटा. जाँ नईं कटरा, वाँ देखो.”

मग माळ्यावरून ती लाकडी डाय काढलीत. प्लायवूडमध्ये वाकवून बसवलेली पोलादी पत्ती, दोन्ही अंगांना स्पंजचे तुकडे, कापलेला कागद बाहेर ढकलायला. कुठल्यातरी मिठाईच्या डब्यावरच्या लेबलासाठी केलेली, तीन इंची गोल. आमच्या चंद्राचं मूळ गाव म्हणजे पेढे, हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. ट्रेडलचे, म्हणजे तुमच्या त्या जुन्या छपाई मशीनचे, शाईचे रोलर आधी काढून ठेवलेत, नाहीतर पत्ती त्यांनाच चिरते. एक जुना शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, पत्तीशेजारी उभा करून चिमटीत फरक दाखवलात. आकडे मी नंतर शोधले: खिळ्याची उंची २३.३ मिलिमीटर, कापायच्या पत्तीची २३.८. अर्धा मिलिमीटर. तुमची सगळी पंचिंगची विद्या त्या अर्ध्या मिलिमीटरात राहते.

पुढचं मी स्टुलावर बसून बघितलं ते मला जसंच्या तसं लिहायचंय. तुम्ही कागदाखाली कार्बन पेपर घातलात आणि चाक हातानं, अगदी सावकाश, एकदाच फिरवलंत. खालच्या शीटवर काळं कडं उमटलं. काही ठिकाणी ठळक, काही ठिकाणी पुसट, दोन जागी नाहीच. मग खिडकीतला संक्रांतीच्या पतंगाचा गुलाबी कागद घेतलात. मी कातरी पुढं केली तर हसलात. कातरीनं कापलेल्या तुकड्याच्या कडेला पायरी राहते, ती पायरीही कागदावर उमटते. फाडलेली कड विरत जाते. नखाएवढा तुकडा फाडायचा, मैद्याची खळ बोटानं पुसटशी लावायची, कार्बन पुसट होता बरोब्बर तिथं चिकटवायचा. पुन्हा कार्बन, पुन्हा चाक. जिथं कडं उमटलंच नव्हतं तिथं एकावर एक तीन. मी मोजत होते. चौदा चिठ्ठ्या झाल्या आणि पंधराव्याला तुम्ही नुसतं डोकं हलवलंत, “बस.”

मग कागजीपुऱ्याचा कागद घातलात. चंद्र असा सुटून आला, की मी तो उलटसुलट करून मिशी शोधत राहिले.

मोटर लावून १२८ चंद्र झाले, आठ वरचे. माझा चहाही संपला नव्हता.

घरी येऊन तोच प्रयोग मी जाळीच्या डायवर केला. ती डाय माझी, पातळ, विकतची, आणि आजवर एकदाही पूर्ण कापलेली नाही. मधली बारीक नक्षी नेहमी लटकत राहायची आणि मी सुई घेऊन टोकरत बसायची. तडकलेल्या पाटीच्या जागी दुसरी जुनीच घातली, कागदाखाली कार्बन घातला, हँडल फिरवलं. पाटीचा मध्य पातेल्यासारखा खोलगट झालाय, हे कार्बननं सांगितलं. एकाच बाजूनं वापरून वापरून मीच तो केला होता. आता दर वेळी पाटी पालथी करते. मधोमध पतंगाच्या पाच चिठ्ठ्या लावल्या, डाय आणि कागदाच्या मधे बटर पेपर ठेवला, आणि जाळी एका झटक्यात सुटली. नवऱ्याला उठवून दाखवली. तो “छान” म्हणून परत झोपला.

तुमची दुसरी मदत पावडरची. तिचं श्रेय तुम्ही घेणार नाही, कारण तुमच्या लेखी ते लग्नपत्रिकांचं रोजचं उठावाचं काम. ओल्या शाईवर पावडर टाका, झटका, तापवा, अक्षर फुगून येतं. मी हौसेनं करते ते एम्बॉसिंग हेच. फक्त माझ्या पावडरच्या डबीवर चित्र गोड असतं आणि किंमत कडू. डिसेंबरातली आपल्याकडची हवा एवढी कोरडी, की निळ्या कार्डावर वेल सोडून सगळीकडं सोनेरी कण चिकटत होते. स्वेटर काढताना चटचट होतं तीच वीज. तुम्ही म्हणालात, छापायच्या आधी टाल्कम फिरव. जुन्या मलमलीच्या तुकड्यात पावडरची पुरचुंडी बांधली आणि प्रत्येक कार्डावरून एकदा फिरवली. कण बसायचे थांबले. हौशी लोकांसाठी असल्या पुरचुंड्या विकत मिळतात. मी एक मागवणारही होते.

तापवण्याचं म्हणाल तर त्यात माझाच उतावीळपणा नडत होता. हीट गन घेऊन मी इस्त्री केल्यासारखी फिरायची. आता एका जागी धरते आणि बघत राहते. भुरभुरीत दाणे अचानक पाण्यासारखे एक होतात, आरशासारखी चमक वेलीवरून पळत जाते. ती गेली की बाजूला. आणखी दोन श्वास थांबलं की सोनं कागदात मुरतं आणि असावली पकोड्याच्या कागदासारखी तेलकट दिसते. अशी नऊ कार्डं माझ्याकडं आहेत. कुणाला पकोडे बांधायचे असतील तर न्यावीत.

आता अण्णांचं. त्यांच्या एका डोळ्याचा पडदा गेलेला आहे, दुसऱ्यानं मोठं तेवढं दिसतं. पहिली पत्रिका त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती डोळ्यांशी नेलीच नाही, बोट फिरवलं. वेलीवरून सावकाश, पानापानाला थांबत. मग जाळीवरून. मग चंद्राच्या कडेनं गोल, आणि एका जागी थांबले. “चार वाजता काहीतरी खरखरतंय. याला खरूज झालीय का?”

चाचा, तो तुमचा चंद्र नव्हता हो. माझ्या पहिल्या अकरातला एक गठ्ठ्यात मिसळला होता आणि नेमका त्यांच्याच कार्डावर चिकटला. मी बदलून देते म्हटलं. त्यांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं. म्हणाले, “राहू दे. हा मला कळतो.”

तुम्ही सोहळ्याला आलात, शेवटच्या रांगेत बसलात, पेढा खाल्लात. पत्रिका उघडून मजकूर न वाचता पाठीची घडी तपासलीत, तेही मी बघितलं. निघताना माझ्या कानाशी सांगितलंत की मोड उलट्या धाग्यावर, म्हणजे कागदाच्या तंतूंना आडवा, पडलाय, म्हणून निळ्यातून पांढरं फुटतंय. खरंय. १२० च्या १२० पत्रिका मी आडव्या धाग्यावर दुमडल्या. पाहुण्यांपैकी कुणालाही दिसलं नाही. मला मात्र आता दुसरं काही दिसत नाही. परवा कार्डशीट घेताना दुकानात तो उभा-आडवा वाकवून बघत होते, कुठल्या अंगानं सहज वाकतो ते. दुकानदारानं विचारलं, “ताई, पत्रा घेताय का?”

पैसे विचारले तेव्हा तुम्ही पतंगाचे दोन कागद आणून दे म्हणालात. त्या मापाची डाय करून घेतली असती तर काय पडलं असतं, आणि अर्धा दिवस ट्रेडल अडवल्याचं काय, हे मला कळत नाही असं समजू नका. मोठं मशीन घ्यायचं होतं ते पैसे अजून तसेच आहेत. त्यावर आपण समोरासमोर भांडू.

शनिवारी येते. तोवर एक करा: ट्रेडलवर लावलेली ती चौदा चिठ्ठ्यांची शीट फेकली नसेल तर बाजूला काढून ठेवा, ती मला पाहिजे. आणि संक्रांत होऊन गेल्यामुळं गुलाबी कागद कुठंच मिळाला नाही, हिरवा आणतेय. चालेल ना?

तुमची,
चंद्रवाली