पर्लकोटेला पूर येण्याआधी सिकलसेलच्या गोळ्या पोचू द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

नवीन वर्षाचं नियोजन आपल्या विभागात सुरू असेल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचं वर्ष ऋतूंवर चालतं. जानेवारीचा गारठा, मे महिन्यात भर उन्हातली तेंदूपत्ता तोडणी, पावसाळ्यातला मलेरिया. अंग गारठलं, शरीरातलं पाणी आटलं किंवा ताप चढला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. हे महिने आधीच ठाऊक आहेत, म्हणून तयारीही आधी होऊ शकते.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी, मग पक्क्या निदानाची तपासणी, मग कार्ड, हे काम हवंच. पण तपासणीचे आकडे दरमहा वर जातात, तसा औषधाचा आकडाही विचारला जावा: लाल कार्डवाल्या, म्हणजे आजार असलेल्या, किती जणांच्या घरात आज महिनाभराच्या गोळ्या आहेत?

हिशेब साधा आहे. ५० किलो वजनाच्या माणसाला किलोमागे २० मिलिग्रॅम धरलं तर हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या रोजच्या औषधाच्या ५०० मिलिग्रॅमच्या रोज दोन कॅप्सूल, म्हणजे वर्षाला ७३०. औषधाचा गुण यायला तीन ते सहा महिने लागतात आणि काही आठवडे खंड पडला की कमावलेलं हातचं जातं. साठा कमी म्हणून पंधराच दिवसांच्या गोळ्या दिल्या तर पुढच्या खेपेला मजुरी बुडते आणि नेमकी तीच खेप चुकते. ज्यांचा डोस बसला आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार खाली गेल्या असतील तर गोळी थांबवून आठवड्याने पुन्हा रक्त तपासावं लागतं. ही तपासणी नसेल तर डॉक्टर औषध द्यायला कचरतात, आणि ते बरोबरही आहे.

लहान मुलांचं जास्त अवघड आहे. १२ किलोच्या मुलाला याच हिशेबाने २४० मिलिग्रॅम लागतं, हातात मात्र ५०० ची कॅप्सूल. मग आई ती उघडते, अर्धी पूड अंदाजाने पाण्यात घालते आणि उरलेली कागदात बांधून ठेवते. हे औषध पेशींची वाढ रोखणारं आहे. त्याची पूड हाताला लागू नये, श्वासात जाऊ नये आणि गरोदर बाईने तर त्याला हातही लावू नये. कमी मात्रेच्या गोळ्या किंवा पातळ औषध यंदाच्या खरेदीत आलंच पाहिजे.

आता दुखण्याबद्दल. क्रायसिसमधला, म्हणजे तीव्र दुखण्याच्या झटक्यातला, रुग्ण रुग्णालयात आला की तासाभरात जोरदार वेदनाशामक मिळायला हवं आणि दर अर्ध्या तासाने दुखणं किती उतरलं ते विचारायला हवं. दुखणं मोजणारी रक्ततपासणी नाही, म्हणून ‘नाटक करतोय’ असं कुणी म्हणू नये. बर्फ लावू नये, गरम शेक द्यावा. सलाइन बेताने द्यावं, जास्त झालं तर फुप्फुसांवर ताण येतो. हिमोग्लोबिन सात-आठ दिसलं की रक्त लावलं जातं. अनेक रुग्णांचा तो नेहमीचाच आकडा असतो आणि नुसत्या दुखण्याला रक्त लागत नाही. ते विनाकारण चढवलं तर रक्त दाट होऊन उलट त्रास वाढतो. एवढं एका पानावर मराठीत छापून प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लावता येईल. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ ला झालेल्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक ठेवण्याची वाट सोपी झाली आहे. उपजिल्हा रुग्णालयांना ती मान्यता मिळवून द्या.

आणि पावसाळा. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की आमच्या जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. दुर्गम गावांत रेशनचं धान्य पावसाळ्याआधी पोचवण्याची पद्धत राज्यात आहेच. त्याच गाडीत हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक अॅसिड आणि पॅरासिटामॉल चढवा, जून ते सप्टेंबर पुरेल एवढं, आशाताईंच्या यादीतल्या नावांनुसार मोजून. त्यासाठीची मागणी जानेवारीत नोंदवली गेली तरच माल मेअखेर उपकेंद्रात पोचेल.

आपले,
सिकलसेल रुग्णांसोबत काम करणारे कार्यकर्ते, गडचिरोली