रिपोर्ट नॉर्मल आला, पण फिट खरीच असते

मा. संपादक,

फिट्सवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला, चांगला होता, पण एपिलेप्सी नसतानाही फिट येते याबद्दल त्यात काहीच नव्हतं म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीला चार वर्षं झटके येत होते, डोळे घट्ट मिटलेले, अंग थरथरतंय आणि दहा-दहा मिनिटं तेच चालू. गोळ्या बदलल्या, डोस वाढवले, सुस्ती तेवढी वाढली. शेवटी व्हिडिओ ईईजी केला, म्हणजे फिट कॅमेऱ्यात पकडायची आणि त्याच वेळी मेंदूच्या लहरी बघायच्या, त्यात एपिलेप्सीचं काही निघालं नाही. तर डॉक्टर म्हणाले "हिला काही झालेलं नाही" आणि डिस्चार्ज. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, ताई, तुलापण मी नाटक करते असं वाटतं का?

नाटक नसतं हो ते! सहन होण्यापलीकडचं काही आत उसळलं की मेंदू जणू भान तोडून टाकतो, माणसाच्या हातात ते नसतं. प्रत्येकाच्या मागे मोठा आघात असतोच असं नाही पण पुष्कळांच्या असतो, बहिणीच्याही होता. अशा फिटवर एपिलेप्सीची गोळी चालत नाही, थेरपी लागते, आणि ते आम्हाला सांगायला कुणी नव्हतं, आम्हीच शोधत बसलो. थेरपिस्टने आधी जुनं काही उकरलं नाही. फिट यायच्या आधी काय होतं ते ओळखायला शिकवलं, पाय जमिनीवर दाबायचे, समोरच्या वस्तूंची नावं घ्यायची, भीतीने सोडून दिलेल्या गोष्टी हळूहळू परत करायच्या, त्या आघाताबद्दल बोलणं फार नंतर.

खोटी आशा पण नको. ब्रिटनमध्ये अशा फिट्सच्या 368 पेशंट्सवर सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची मोठी ट्रायल झाली, 2020 मध्ये छापून आली, त्यात वर्षानंतर महिन्याच्या फिट्सची संख्या नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळकपणे कमी झाली नाही, पण फिट्सचा त्रास कमी वाटायला लागला, फिटशिवायचा सलग काळ वाढला, रोजचं जगणं सुधारलं. आमच्या घरी हे केवढं मोठं आहे ते आम्हालाच माहीत. आणि काहींना दोन्ही प्रकारच्या फिट्स असतात, त्यामुळे हे वाचून कुणी मनानेच गोळ्या बंद करू नका प्लीज.

डॉक्टरांना एकच विनंती, निदान सांगाल त्याच दिवशी, त्याच खुर्चीत, थेरपीची चिठ्ठीपण द्या. बहिणीला अजून फिट येते. पण आता ओठ बधिर व्हायला लागले की ती "ताई, येतंय" म्हणते, मी शेजारी बसते, आणि कधीकधी ते तिथेच थांबतं.

– एक वाचक