खिडकीवरच्या काकांना, एका बंद पाकिटाबद्दल

काका, नमस्कार!

तुमचा फोन बटणांचा, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत तुमच्या सूनबाईंकडूनच पोचणार, त्यांना आधीच थँक्यू. नाट्यगृहाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर उद्यापासून पुण्यातले सगळे हौशी कलाकार सल्ला मागायला तुमच्या तिकीट खिडकीसमोर उभे राहतील आणि तुमचा सकाळचा चहा गार होईल.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझा दादा दिवसा नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात जादू. सशाची नाही, मनातलं ओळखायची, मेंटॅलिझम म्हणतात ती. दीड तासाचा प्रयोग, त्यात गप्पा भरपूर, ब्रेकअपपासून आजोबांच्या विसरण्यापर्यंत सगळं येतं, आठ वर्षांच्या पोराला दहाव्या मिनिटाला जांभई येणार हे नक्की. प्रमोशन माझ्याकडे, कारण मी आयटीत आहे आणि आमच्या घरच्यांच्या मते आयटीवाल्यांना सगळंच येतं.

पहिला प्रयोग आम्ही लावला मे महिन्यात, रविवारी सकाळी अकराला. पोस्टरवर प्रिंटरवाल्याने स्वतःच्या मनाने ससा टाकला, वर मलाच म्हणाला, मॅडम जादू आहे ना, मग ससा पाहिजेच. 63 तिकिटं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त पोरंटोरं, आणि तिसऱ्या रांगेतली एक छोटी दर पाच मिनिटांनी खणखणीत आवाजात, "आई, ससा कधी येणार?" दादाने त्यानंतर आठवडाभर पत्त्यांच्या कॅटला हात लावला नाही.

मग दुसऱ्या प्रयोगाची तिकिटं ठेवायला मी तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पोस्टर बघितलंत आणि एवढंच विचारलंत, "हे कुणासाठी आहे?" मी म्हटलं, कॉलेजची मुलं, मोठी माणसं. तुम्ही म्हणालात, "मग हा ससा कुणासाठी?"

त्यानंतर तुम्ही जुन्या सीटिंग चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली यादी दाखवलीत ना, ती मी अजून जपून ठेवलीये. आमचं पहिलं पोस्टर खाली लागलेलं असताना लोकांनी खिडकीवर काय काय विचारलं ते तुम्ही टिपून ठेवलं होतं (का, ते तुम्हालाच माहीत!). "लहान मुलांना अर्धं तिकीट आहे का", "किती वर्षांपासून तिकीट लागतं", "वाढदिवसाला घरी येतात का". मोठ्या माणसाने स्वतःसाठी विचारलेला एकही प्रश्न नाही. मी सोशल मीडियावर पैसे घालून जे मला कळलं नव्हतं ते त्या चुरगळलेल्या कागदावर होतं.

तुम्ही म्हणालात, पुण्यात जादू म्हटलं की लोकांना जादूगार रघुवीर आठवतात, त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम करतायत, आणि आठवतात ते कसे, तर शाळेच्या सुट्टीत आईबाबांचं बोट धरून बघितलेले. "तुम्ही त्याच रांगेत उभे राहिलात तर तुमचा नंबर कधी लागणार?" मग वेळ रात्री साडेनऊची घ्या, 'वय वर्षे 15 च्या पुढे' हे दादाच्या नावापेक्षा मोठं छापा, आणि ससा काढून प्रेक्षकातल्या माणसाचा तोंड उघडं पडलेला फोटो टाका. वयाची अट बघून पालक चिडतील अशी मला भीती होती, झालं उलटंच, अकरावी-बारावीची पोरं "आता आपण आपलं जाऊ शकतो" म्हणून यायला लागली.

आणि एका आजोबांनी खिडकीवर येऊन विचारलं होतं, हे जादूटोण्याच्या कायद्यात बसतं का. 2013 चा तो कायदा चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्यांसाठी आहे, स्टेजवरच्या करमणुकीसाठी नाही, हे तुम्ही त्यांना शांतपणे समजावलंत आणि मला म्हणालात, हेच पोस्टरवर लिहा. म्हणून ती ओळ आली, 'यात कुठलीही दैवी शक्ती नाही. तरीही या.' सगळ्यात जास्त फोटो त्या ओळीचे निघाले.

पण खरं काम केलं त्या पाकिटाने. आठवतंय, दादा तुम्हाला चहा पिता पिता जादूगार पी. सी. सरकारांचा किस्सा सांगत होता? 1956 साली बीबीसीच्या टीव्हीवर लाइव्ह, करवतीने मुलगी कापली, मुलगी काही उठेना आणि निवेदकाने कार्यक्रम संपवूनच टाकला, लोकांना वाटलं बाई खरंच गेली, बीबीसीकडे फोनवर फोन, दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या बातम्या. आम्ही हसत होतो आणि तुम्ही कप खाली ठेवून म्हणालात, "म्हणजे अर्धवट सोडलं म्हणून गाजलं." दादा एकदम गप्प.

तिथून ते पाकीट. प्रयोगाच्या सात दिवस आधी दादाने प्रयोगाच्या दिवशीच्या पेपरातली पहिल्या पानावरची मुख्य बातमी लिहून बंद केलेलं पाकीट, तुमच्या काचेला आतून चिकटवलेलं, खाली फक्त 'शनिवारी रात्री उघडणार'. मी स्टूल मागितलं तर तुम्ही स्वतःच चढलात. मग नाटकाच्या तिकिटाला आलेली माणसं पाकिटाची चौकशी करायला लागली. एका गृहस्थांनी, तेही सदाशिव पेठेतले, रोज सकाळी फिरून येताना थांबून पाकीट हललं नाही ना ते तपासलं आणि शेवटी "बघू तरी काय फसवतात ते" म्हणून तिकीट काढलं, तेही पहिल्या रांगेचं!

पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस होते, कॉलेजची पोरं भरत नाट्य मंदिराच्या बाहेर घोळक्याने उभी असतात, तिथे हँडबिलं वाटू नका हेही तुम्हीच सांगितलंत, कारण ती चहाच्या ग्लासाखाली जातात. दादाने एका पोराकडून दहाची नोट घेतली, त्यावर सही करायला लावली, गायब केली आणि "उरलेलं शनिवारी" म्हणून चालायला लागला. पोरगा ओरडतोय, अहो माझे दहा रुपये! तो दहा रुपये परत घ्यायला 250 चं तिकीट काढून आला, सोबत सहा मित्र घेऊन. (नोट मिळाली त्याला. कुठे ते लिहीत नाही.)

त्या रात्री वरची बाल्कनी सोडली तर हाउसफुल. पाकीट कुणी आणायचं यावर प्रेक्षकातूनच आवाज आला, "काकांना बोलवा!" तुम्ही खिडकी बंद करून हिशेब घालत बसला होतात. स्टेजवर आलात तेव्हा शर्टाच्या खिशात पेन्सिल तशीच, चष्मा कपाळावर आणि तुम्ही तो खिशात शोधताय, सगळं थिएटर हसतंय, मग तुम्ही पाकीट फोडलंत, मनातल्या मनात एकदा वाचलंत आणि माइक हातात असून काही बोललाच नाहीत. किती सेकंद गेले कुणास ठाऊक. दादा नंतर म्हणाला, एवढा पॉज मला जन्मात घेता येणार नाही.

तुम्ही त्याला कसं केलं हे अजून विचारलेलं नाहीत, त्यासाठी वेगळे आभार, घरात आई दिवसातून दोनदा विचारते.

परवा तिकडून जाताना बघितलं, फोडलेलं रिकामं पाकीट अजून काचेला आहे. सूनबाई, काकांना सांगा, नोव्हेंबरची तारीख मिळालीये, रविवारी नवीन पाकीट घेऊन येतो. स्टूल काढून ठेवा, पण या वेळी चढणार मी.

तुमची,
ससेवाली