डायनोवाल्या काकांना, १५ घोडे कमी केल्याबद्दल

काका, सा. न. वि. वि.

मे महिन्यात भर दुपारी मी एक कागद नाचवत तुमच्याकडे आलो होतो. चाकणलाच जन्मलेली माझी पोलो १.० टीएसआय, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा टर्बो असलेली. तिचा रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) नुकताच झालेला, आणि दुसऱ्या एका डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तिने १४६ पीएस, म्हणजे १४६ घोडे, दाखवलेले. कंपनीचा आकडा ११०. तीन सिलिंडरच्या एक लिटर इंजिनाने नुसत्या सॉफ्टवेअरवर ३६ घोडे जास्त दिले, या आनंदात मित्रांना मिसळसुद्धा खाऊ घालून झाली होती. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, कागद वाचलात आणि एवढंच विचारलंत, "पंखा केवढा होता?"

मला आधी आठवेचना. मग आठवलं, लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसा एक उभा पंखा होता, तोही बंपरच्या एका कडेला.

त्या दिवशी तुम्ही गाडी रोलरवर चढवलीत, लॅपटॉप ओबीडीला (गाडीची आतली माहिती देणाऱ्या सॉकेटला) जोडलात आणि मुद्दाम तुमचा मोठा पंखा बंद ठेवून लागोपाठ तीन रन मारलेत. पहिला १२८, दुसरा १२४, तिसरा १२०. आकड्यांपेक्षा तुम्ही मला शेजारचा लॉग बघायला लावलंत. टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर तापत गेला तसं आत जाणाऱ्या हवेचं तापमान चढत गेलं, आणि नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) टाळायला ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, इग्निशन मागे खेचलं, ठिणगी उशिरा पाडली, म्हणून ताकद घटली. रस्त्यावर ताशी १३० ला समोरून सेकंदाला ३६ मीटर वेगाने वारा येतो. रोलरवर गाडी जागच्या जागी, वारा फक्त पंखा देईल तेवढाच. टर्बो नसलेल्या गाडीला हे थोडंफार खपतं, टर्बोला नाही.

पण मग माझा प्रश्न उलटाच झाला. पंखा एवढासा असताना त्या कागदावर आकडा कमी यायला हवा होता. १४६ आले कुठून?

तुम्ही त्याच कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलंत. चाकांवर मोजलेले ११५. त्याला हवामानाचा गुणक १.१०. वर ट्रान्समिशनचा तोटा, म्हणजे इंजिनापासून चाकांपर्यंत गिअरबॉक्स वगैरेत वाया जाणारी ताकद, म्हणून सरसकट १५ टक्के. घ्या, झाले १४६!

तो १.१० चा हिशेब तुम्ही चहा निवेपर्यंत समजावत बसलात, आणि खरे आभार त्याचेच. इंजिनाची ताकद मोजायच्या आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय मानकातली हवा २५ अंशांची, ९९ किलोपास्कल कोरड्या दाबाची. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यात मे महिना, म्हणजे हवा विरळही आणि तापलेलीही. साध्या इंजिनाला ती हवा कमीच पडते, म्हणून आकडा वाढवून देणं रास्त. माझं इंजिन मात्र मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब स्वतः मोजतं. बाहेर हवा विरळ असली तर टर्बो जास्त फिरवून ठरलेला दाब गाठतं. "भरपाई टर्बोने आधीच केलीय, तू तीच परत कागदावर मागतोयस," हे तुमचं वाक्य. अगदी वरच्या आरपीएमला टर्बोचा दम संपतो तिथे थोडा फरक पडतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. आणि त्याच आयएसओ १५८५ मध्ये पेट्रोल इंजिनासाठी हा गुणक ०.९३ ते १.०७ च्या मध्येच असावा असं लिहिलंय, हे तर रीमॅपवाल्यालाही माहीत नसावं. (मी विचारलं. नव्हतं.)

मग तुम्ही मला पुढच्या रविवारी सकाळी सातला बोलावलंत. मी कुरकुरलो. जुना मॅपही, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअरही, घेऊन ये म्हणालात, तेव्हा आणखी कुरकुरलो. मूळ मॅपचं माप कशाला, कंपनीने सांगितलंय की ११०! पण ११० हे इंजिन टेस्ट बेंचवर असतानाचे. तुमच्या रोलरवर तीच गाडी किती दाखवते हे कळल्याशिवाय वाढ कशाच्या तुलनेत मोजायची, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

त्या सकाळी टायरमध्ये हवा सारखी केलीत, गाडी बांधायचे पट्टे आवळताना दर वेळी रॅचेटचे दात मोजलेत, कारण जास्त आवळलं की टायर रोलरवर चेपतो आणि पॉवर खातो. दोन्ही मॅपना तेच ९५ ऑक्टेनचं पेट्रोल. चौथा गिअर, रोलरला ब्रेक लावून साधारण दहा सेकंदांचा रन, म्हणजे टर्बोला भरायला वेळ मिळतो आणि गाडी उकळतही नाही. शेवटी क्लच दाबून चाकं आपोआप थांबू द्यायची, म्हणजे तोटा अंदाजाने धरायला नको, मोजताच येतो. दोन रनमध्ये इनटेकचं तापमान मूळ जागी येईपर्यंत पंखा चालू आणि आपण गप्प.

मूळ मॅप: १०८, १०९, १०८. नवा मॅप: १३१, १३०, १३१. चाकांवर ११७, तोटा १४. गुणक १.००.

म्हणजे वाढ २३ ची. मित्रांना सांगितलं तेव्हा एकाने मिसळीचे पैसे परत देऊ केले, ते वेगळं. पण गेल्या महिन्यात गाडी जरा मंद वाटली, तुमच्याकडे आणली, तशाच पद्धतीने १२२ आले, आणि दहा मिनिटांत बूस्टच्या (टर्बोची दाबलेली हवा नेणाऱ्या) नळीचा सैल क्लॅम्प सापडला. जुन्या कागदावर विसंबलो असतो तर १४६ चे १३७ झाले की १५०, हेच कळलं नसतं.

बिलात तुम्ही दोनच रन लावलेत. मी नऊ मोजले होते. बाकीचे पैसे घेणार नाही म्हणालात, तेव्हा निदान हे पत्र घ्या. आणि हो, तुमचा एक लाल रॅचेट पट्टा चुकून माझ्या डिकीत आलाय. रविवारी सकाळी सातला आणून देतो.

आपला,
पोलोवाला