मेंढरं आहेत का, कुत्री आहेत का, एवढं विचारून मग सुई घाला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात गाठींच्या तपासणीवर माहिती आली होती, सुईची तपासणी, म्हणजे गाठीत बारीक सुई घालून नमुना काढायचा, एकदम सोपी, ॲडमिट व्हायला लागत नाही, लगेच घरी जाता येतं वगैरे. मानेची गाठ, थायरॉइड, स्तनातली गाठ यांच्याबद्दल ते बरोबरच आहे. पण लिव्हरमधल्या पाण्याच्या गाठीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं आणि आमच्या माण तालुक्यात तेच आधी सांगायला पाहिजे, म्हणून लिहितोय.

माझे चुलते, आम्ही अण्णा म्हणतो, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं, सोबत दोन कुत्री कायम. तीन वर्षांपूर्वी त्यांना उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं, मधेमधे ताप यायचा. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पाणी धरलेली गाठ दिसली, डॉक्टर म्हणाले पू झाला असणार, सुईनं काढू आणि तपासायला पाठवू. मी शेजारीच उभा होतो. पू आलाच नाही, सिरिंजमध्ये आलं ते झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ पाणी, आणि सिरिंज उभी धरल्यावर तळाला पांढरी बारीक वाळू बसली. ते बघतोय तोवर अण्णा मान खाजवायला लागले, बघता बघता छातीवर पोटावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, बीपी एकदम खाली. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच दिलं म्हणून माणूस हाती लागला, त्या डॉक्टरांचे तेवढे उपकार मी विसरणार नाही. पण मेंढरं आहेत का, कुत्री आहेत का, हे तोपर्यंत एकानंही विचारलेलं नव्हतं.

ती हायडॅटिडची, म्हणजे एका जंतामुळं होणारी पाण्याची गाठ होती. हा जंत असतो कुत्र्याच्या आतड्यात, लांबी जेमतेम काही मिलिमीटर. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, भाजीवर, आपल्या हातावर येतात, मेंढरानं खाल्ली की त्याच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, आणि फुफ्फुसात पाण्याचे फुगे धरतात, आणि ते काळीज कुत्र्यापुढं टाकलं की चक्र परत सुरू. माणूस यात चुकून सापडतो. गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, बहुतेक वेळा लिव्हरमध्ये, त्याखालोखाल फुफ्फुसात. आणि ती जी वाळू मी बघितली ना, ती म्हणजे जंताची पिल्लं, पाणी पोटात सांडलं तर एकेका कणापासून नवी गाठ होऊ शकते. रिॲक्शन त्या पाण्याचीच येते, जीवघेणी तशी क्वचितच, पण तयारी नसेल तर एकदा आली तरी संपलं.

म्हणून सुईच नको असं मी म्हणत नाही, उलट गैरसमज नको. 1980 च्या दशकात ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी याच गाठीवर सुईनं उपचार करून दाखवले, आता जागतिक आरोग्य संघटनेलाही ती पद्धत मान्य आहे. आधी जंतावरच्या अल्बेंडाझोलच्या गोळ्या, सोनोग्राफीत बघत लिव्हरच्या जाड भागातून सुई, पाणी काढायचं, त्यात पित्त उतरलेलं नाही याची खात्री करायची, मग कडक मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल आत सोडून थोडा वेळ थांबायचं आणि परत ओढून घ्यायचं, ॲड्रेनलिन हाताशी ठेवून. मायक्रोस्कोपखाली त्या पाण्यात जंताचे बारीक वाकडे हूक दिसले की निदान पक्कं. पण फुफ्फुसातल्या गाठीला हे चालत नाही, आतून घट्ट झालेल्या गाठीलाही नाही. कातडीखाली डुकराच्या पट्टकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची, छोटी गाठ असेल तर मात्र साधी सुईची तपासणी खरंच कामाची आहे, उगाच चिरफाड वाचते. म्हणजे सुई तीच, फक्त ती कुठं आणि कशाच्या तयारीनं जातेय ते आधी ठरलेलं पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. आमच्यासारख्या मेंढपाळ भागात सोनोग्राफीच्या फॉर्मवर कुत्रं-मेंढरू या दोन शब्दांची एक ओळ छापा, लिव्हरमध्ये पाण्याची गाठ दिसली की सुईच्या आधी ती वाचा. रक्ताची तपासणीही करा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, गाठ असूनही ती निगेटिव्ह येते. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यानं कुत्र्यांना रेबीजची लस देताना प्राझिक्वांटेलची गोळीपण द्यावी, जंत तिथंच मरतो.

अण्णांचं नंतर पुण्यात ऑपरेशन झालं, गोळ्या कितीतरी महिने चालल्या. त्या दिवशी पोटात काय सांडलं असेल ते सांगता येत नाही म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते, पुढची याच महिन्यात आहे. वाड्यावर आता मेंढरू कापलं की अण्णा स्वतः काळीज उजेडात धरून बघतात, फुगा दिसला की कुत्री बांधून ठेवायला लावतात आणि खोल खड्डा काढून ते पुरतात.

आपला एक वाचक,
ता. माण, जि. सातारा