पक्ष्यांसाठी शिक्षकांना एकत्र आणतोय, तुमची साथ हवी

नमस्कार मंडळी,

आपल्या पक्षीमित्र मंडळाकडून हे आवाहन करतोय. थोडं लांबलंय, पण वाचा आणि ओळखीत कोणी शिकवणारं असेल तर त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा.

शाळेत पक्ष्यांवर कार्यक्रम झाला की साधारण काय होतं ते सगळ्यांना माहितीये. बाहेरून कोणीतरी येतं, स्लाइड दाखवतं, मुलं खूश होतात, फोटो निघतात आणि पुढच्या आठवड्यात त्या वर्गात पक्ष्यांचा विषय निघत नाही. मुलं कमी पडतात म्हणून असं होत नाही. रोज त्यांच्यासमोर उभे राहणारे सर आणि मॅडमच त्यात नसतात म्हणून होतं. एका शिक्षकाला पक्षी बघायची गोडी लागली तर दरवर्षी नवीन वर्ग त्याच्या हाताखालून जातो, पाहुण्याच्या एका भाषणाने हे कधीच होणार नाही असं आमचं ठाम मत झालंय. म्हणून शिकवणाऱ्यांचा गट बांधायचं ठरवलंय. बालवाडीच्या ताईंपासून कॉलेजच्या प्राध्यापकांपर्यंत, क्लास घेणारे, रिटायर झालेले, सगळे यात हवेत, आणि पक्ष्यांची काहीच माहिती नसेल तरी चालेल.

नेमकं काय शिकायचं ते सांगतो. विणीच्या दिवसांत एखादं पोरगं ओंजळीत पिल्लू घेऊन वर्गात येतंच. मग सगळा वर्ग गोळा होतो, कोणी चोचीत पाणी ओततं (हे तर अजिबात करू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावतं), कोणी खोक्यात कापूस घालतं. पण नीट बघितलं तर कळतं की अंगावर पिसं आलीयेत, शेपूट अजून आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, म्हणजे ते हरवलेलं नाही, घरट्यातून बाहेर पडून उडायला शिकतंय आणि आईबाप जवळपासच असून त्याला जमिनीवरच भरवतायत. त्याला जिथून आणलं तिथल्याच झुडपात सोडायचं, मांजर-कुत्रं लांब ठेवायचं आणि आपण मागे सरायचं. बिनपिसांचं असेल आणि घरटं सापडत असेल तर अलगद घरट्यात परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत खरी नाही. एवढं त्या वेळी सांगणारा शिक्षक वर्गात असला तर ती मुलं हे आयुष्यभर विसरणार नाहीत.

दुसरं, खिडक्यांच्या काचा. काचेत झाडाचं, आकाशाचं प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी थेट आपटतो. अमेरिकेत 2014 साली आलेल्या अभ्यासात अंदाज आहे की तिथे वर्षाला साधारण 36 कोटी ते 99 कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. उपाय सोपा आहे, काचेच्या बाहेरच्या बाजूने सगळीकडे 5 सेंटिमीटर अंतरावर ठिपके किंवा रेघा काढायच्या, मधोमध ससाण्याचं एकच स्टिकर लावून भागत नाही. हे काम गणिताच्या तासाला मुलंच करतील, मोजमापासकट.

आणि हो, हे फक्त विज्ञानवाल्यांचं काम आहे असं समजू नका. भूगोलात वारे आणि खंड शिकवताना गॉडविट नावाच्या स्थलांतरी पाणथळ पक्ष्याची गोष्ट सांगा, 2022 साली जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि 11 दिवसांत, मध्ये कुठेही न उतरता, 13,560 किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियाला पोचलं. दक्षिण आशियातली गिधाडं 1990 च्या दशकात धडाधड संपत गेली, गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करतंय हे 2004 साली पुढे आलं आणि 2006 मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तानने गुरांसाठी त्यावर बंदी आणली, कारण शोधण्यापासून कायद्यापर्यंत सगळं एकाच धड्यात येतं. भाषेच्या तासाला तर दहा मिनिटं एकच साळुंकी बघायची आणि नाव न घेता तिचं वर्णन लिहायचं, करून बघा, मुलं काय काय टिपतात!

मोजणीचं तर वेगळंच आहे. अमेरिकेत नाताळात पक्ष्यांच्या शिकारीची चढाओढ चालायची, त्याऐवजी पक्षी मोजूया असं तिथले पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी 1900 साली सुचवलं, पहिल्या वर्षी जेमतेम 27 माणसं आली. तो उपक्रम आजही चालू आहे. अशा हौशी लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळेच 2019 साली कळलं की उत्तर अमेरिकेत 1970 पासून जवळपास 300 कोटी पक्षी कमी झालेत. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर मोजणी असते, एका जागी 15 मिनिटं थांबून नोंद केली तरी ती धरली जाते, शाळेच्या मैदानातून सुद्धा होते. आपल्या गटाचं पहिलं काम हेच ठेवूया.

आता मदत काय हवी ते स्पष्टच सांगतो. सगळ्यात आधी शिक्षक, महिन्यातून एक सकाळ देऊ शकतील असे. मग पक्षी ओळखता येणारी, संयमाने सोबत फिरणारी माणसं (नावं पाठ असलेली नकोत, दुसऱ्याला आधी बघू देणारी हवीत). कपाटात पडून असलेली दुर्बीण, जुनी असली तरी द्या, दुरुस्त करून घेऊ. पक्ष्यांची ओळख करून देणारी पुस्तकं. बसायला एखादा हॉल किंवा वर्ग. मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती की शिक्षकांना त्या दिवशी दुसरी ड्युटी लावू नका, हे त्यांचं कामच आहे.

पैशांची मदत पण लागेल, चेकलिस्ट छापायला, लांबून येणाऱ्या शिक्षकांच्या प्रवासाला आणि काचांवरच्या ठिपक्यांच्या सामानाला. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, आणि दर मीटिंगमध्ये हिशोब सगळ्यांसमोर वाचला जाईल.

एक नियम आधीच सांगून ठेवतो. घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचे नाहीत आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत, विणीच्या काळात त्यांना याचा फार त्रास होतो. ह्यात सूट कोणालाच नाही.

यायचं असेल किंवा काही द्यायचं असेल तर मंडळाच्या कुठल्याही कार्यकर्त्याला सांगा. सांगताना तुम्ही काय शिकवता, कुठल्या इयत्तेला आणि शनिवार जमतो की रविवार एवढं कळवा, त्यावरूनच पहिल्या मीटिंगचा दिवस ठरवणार आहोत.